समोरच्याची जीभ

भट्टीवाल्यांकडून वाटी रिकामी होऊन परत आली आणि तिच्यासोबत निरोप आला, "छान." वहिनीचा दिवस तिथूनच बिघडला. निरोप आणला होता भावोजींनी, म्हणजे तिच्या धाकट्या दिराने. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, आपल्या खुर्चीत बसले आणि पेपर उघडला.

"छान म्हणाले?" वहिनीने पातेल्यातला डाव तसाच धरून विचारलं.

"छान."

"आणि?"

"आणि काय? छान म्हणाले. वहिनी, माणसाने शिव्या दिल्या तर तुम्ही खूश, कौतुक केलं तर फिर्याद. धन्य आहे तुमची!"

कांदा खाली लागत होता तो तिने हलवला. वास नाकात गेला, डोळ्यांत गेला, पण तिचं लक्ष काचेपलीकडे, गल्लीच्या त्या बाजूला होतं. तिथे भट्टीवाले पाठमोरे उभे होते, लांब दांड्याच्या फळीवर पाव घेऊन ते आत सरकवत होते, रोजच्यासारखेच. पाठ काही सांगत नव्हती. तिला वाटलं, पाठीवर कुणी विश्वास ठेवावा? तोंड लपवायला पाठीइतकी सोयीची जागा नाही. तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. भावोजी दुकानात तशी हाक मारायचे, ती ऐकून आधी चहावाले दोघे भाऊ तसं म्हणू लागले, मग शेवयावाली, मग भाजी आणून टाकणारा. भट्टीवाल्यांचा मुलूख वेगळा, भाषा वेगळी. त्यांना तर कित्येक वर्षं ते तिचं पाळण्यातलं नावच वाटत होतं. खरं कळलं तेव्हा ते ओशाळले होते. पण तोवर तिलाही दुसऱ्या नावाने कुणी बोलावलं तर वळून बघायला वेळ लागायचा, तेव्हा तिनेच सांगितलं, राहू द्या, आता हेच ठेवा.

या गल्लीत आपल्या हातचं आपण चाखायचं नाही. नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. गिऱ्हाईक यायच्या आधी पहिल्या पातेल्यातली वाटी समोरच्याकडे जायची, आणि समोरचा काय ते स्पष्ट सांगायचा. रोज तेच रांधणाऱ्याची जीभ निर्ढावते, तिला आपली चूक चूक वाटत नाही. आपल्या पोराचा शेंबूड आईला कुठे दिसतो? हे सगळं सुरू झालं होतं भांडणातून. वहिनी तेव्हा नवी होती, नवऱ्यासोबत दोन ट्रंका आणि एक पातेलं घेऊन या शहरात आलेली. दुकान उघडून आठवडाही झाला नसेल, तोच समोरचा पीठ माखलेला माणूस आत शिरला, उभ्या उभ्या भात-रस्सा जेवला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मीठ जास्त. गिऱ्हाईक सांगणार नाही, गिऱ्हाईक फक्त परत येणार नाही." तिला अस्सा संताप आला! नवरा गालातल्या गालात हसत होता, त्याने आगीत तेलच ओतलं. ती तडक रस्ता ओलांडून गेली, त्याचा पाव तिथेच मोडून खाल्ला आणि म्हणाली, "आंबट आहे. शेजारच्यांनी लाजेखातर सांगितलं नसेल." दुसऱ्या दिवशी त्याने पाव पाठवला, आता बघ म्हणून. तिने रस्सा पाठवला, तुम्हीही बघा म्हणून. ते आजवर चालू होतं. बाकीच्यांनी पाहिलं आणि उचललं. शेवयावालीचं आणि चहावाल्यांचं तर बोलणंही नव्हतं, तरी वाटी जायची, आणि वाटीसोबत निरोप जायचा: पाणचट, तिखट, कच्चं, करपट. चांगलं झालं असेल तर वाटी नुसती परत यायची, काही न बोलता. कौतुक करायला गिऱ्हाईक होतं की.

म्हणून तर छान हा शब्द तिला टोचला. वाटीसोबत हा शब्द गल्लीत यापूर्वी एकदाच येऊन गेला होता. कोपऱ्यावर मासेवाला होता, नाकाने कांदे सोलणारा, कुणाच्या रश्श्यात हळद चिमूटभर जास्त पडली तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा. गेल्या उन्हाळ्यात तो एकाएकी गोड झाला. सगळ्यांच्या वाट्यांना छान, फार छान. चहावाले हुरळून गेले. वहिनीने तेव्हाही म्हटलं होतं, ह्याला काय झालंय बघा रे. आणि मग एका सकाळी त्याच्या दुकानाला कुलूप. गल्लीतल्या जागा विकत घ्यायला फिरणाऱ्या दलालाशी त्याचं महिनाभर आधीच ठरलं होतं. जायचंच आहे तर कशाला कुणाचं मन दुखवा, असा त्याचा हिशोब. ज्याला उद्या तुमच्या शेजारी बसायचंय तो खरं सांगतो; ज्याला बसायचंच नाही तो छान म्हणतो. वहिनीला हे इतकं स्वच्छ कळलं होतं की पुन्हा कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तेही आजच! आज दुपारी शहराची ऑफिसरबाई येणार होती. खाण्याच्या जुन्या गल्ल्या राखायचं शहराने आता कुठे मनावर घेतलं होतं. एका गल्लीत निदान चार जुनी दुकानं चालती असली, आणि चारही मालकांनी आपल्या तोंडाने, आपल्या दारात उभं राहून, आम्ही इथेच राहणार, धंदा चालवणार असं सांगितलं, तर त्यांना कुणी उठवू शकणार नव्हतं, ना इमारतीचा मालक, ना ती विकत घ्यायला टपलेला कुणी. चारांची तीन झाली की संपलं. मग ती गल्ली नाही, नुसता रस्ता. मासेवाला गेल्यावर उरले होते बरोबर चार: वहिनी, चहावाले, शेवयावाली, भट्टीवाले. ह्यासाठी वर्षभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या वहिनीने. चहावाल्यांना तिने दटावलं होतं, शेवयावालीला गोंजारलं होतं. भट्टीवाल्यांना मात्र तिने विचारलंच नव्हतं. आपल्या उजव्या हाताला कुणी विचारतं का, तू येणार ना म्हणून?

कांदा लाल झाला. तिने लसूण टाकली, मसाला टाकला आणि तोंड बाजूला वळवलं. गल्लीत आता हा वास एकटा राहिला नव्हता. चांभाराच्या जागी एक दुकान आलं होतं, त्यात फक्त मेणबत्त्या मिळत, आणि त्यांचा एक गुळगुळीत वास दारातून बाहेर येऊन वहिनीच्या फोडणीशी झुंजायचा. पलीकडे काचेचं कॉफीचं दुकान, दारात कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं, बसायला खोक्याच्या फळ्या. धडधाकट माणसं हौसेने खोक्यांवर बसत. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही सगळी. भिंती राखाडी रंगवून झाल्या होत्या. नव्या बिऱ्हाडांतलं कुणीतरी कांद्याच्या वासाची तक्रार करत होतं आणि तेच कुणीतरी सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन यायचं, तिच्या दाराचा फोटो काढायचं, म्हणायचं, किती खरंखुरं आहे ना! वहिनी त्यांना हसून वाढायची. तिला त्यांचा राग नव्हता. भूक लागते तो आपला, एवढा सोपा तिचा कारभार होता. राग होता तो त्या मऊ बुटांच्या दलालाचा. तो यायचा, हात जोडायचा, म्हणायचा, "वहिनी, तुमची आम्हाला फार कदर आहे. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर तुमच्यासाठी एक कोपरा ठेवू." वहिनीने त्याला पोटभर जेवू घातलं होतं आणि दारापर्यंत सोडताना सांगितलं होतं, "कोपऱ्यात केरसुणी ठेवतात, बाबा." हाच दलाल परवा भट्टीवाल्यांच्या दारातून बाहेर पडताना तिने पाहिला होता. कागदाच्या पिशवीत पाव होता त्याच्या हातात. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. पाव घ्यायला सगळेच जातात. आता मात्र ती पिशवी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि मग एकामागून एक सगळंच आठवायला लागलं: गेला महिनाभर त्यांच्या पावात मीठ एखाद्या दिवशी जास्त, एखाद्या दिवशी कमी, तिने तसं कळवलं तर पूर्वी कसे फणकारून यायचे, पिठाच्या हातांनी दार ढकलून, "वहिनी, तुमची जीभ आधी घासून घ्या," म्हणायचे. हल्ली काहीच नाही. मान हलवायचे. खजील माणूस हलवतो तशी.

"केसाने गळा कापतायत हो," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण?" पेपरामागून भावोजी.

"कुणी नाही. तांदूळ धुवा."

तांदूळ धुण्याचा आवाज सुरू झाला. तिने पातेल्यात पाणी ओतलं, वाफ अंगावर आली आणि त्या वाफेत ती क्षणभर तशीच उभी राहिली. नवरा गेला तेव्हाही ती अशीच उभी होती. महिनाभर दुकान बंद होतं, आणि मग एका सकाळी तिने कुलूप काढलं, कारण घरात बसून भिंती खायला उठत होत्या. हात चालत होते, डोकं कुठेच नव्हतं. त्या दिवशी जो तो आला तो छान म्हणाला. गिऱ्हाईकं म्हणाली, चहावाले म्हणाले, भावोजी तर घास तोंडात घेऊन रडलेच, म्हणाले, वहिनी, एकदम छान. सगळ्यांचे चेहरे हळुवार, सगळ्यांचे आवाज खालचे, आणि तिला वाटत होतं आपण काचेच्या कपाटात बसलोय आणि हे लोक बाहेरून बघतायत. वाटी समोर गेली होती ती घेऊन भट्टीवाले स्वतः आले. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "करपलंय. टाकून द्या, दुसरं करा." भावोजी त्यांच्या अंगावर धावले, की माणसाला काही काळवेळ! पण वहिनीने ते पातेलं उचललं, मोरीत उपडं केलं आणि पुन्हा कांदा चिरायला बसली. कांद्याच्या निमित्ताने रडली, भरपूर रडली. दुसरं पातेलं चांगलं झालं, वाटी काही न बोलता परत आली, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा माणसांत होती. तो माणूस आज तिला छान म्हणतोय. सरळ दुकान विकतो म्हणाला असता तर ती भांडली असती, चार शब्द ऐकवले असते, कदाचित वाईट वाटून गप्पही बसली असती. पण हे गोड बोलणं तिला सहन होईना. परक्यासारखं वागवलं त्यांनी मला, तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले, कांदा नसताना.

तशी ती रडत बसणारी बाई नव्हती. दुपारची गर्दी ओसरली तसं तिने एका छोट्या भांड्यात वेगळा रस्सा उकळला, सगळं घातलं आणि मीठ मात्र घातलं नाही. एक कणसुद्धा नाही. आता म्हणा छान, ती मनात म्हणाली. ह्याला छान म्हणालात तर तोंडावर सांगेन, की तुमचं ठरलंय, उगाच मला खेळवू नका. आणि छान म्हणवलं नाही, राहवलं नाही आणि ओरडलात, तर मग तुम्ही अजून आमचेच आहात, बाकी मी बघून घेईन. आपल्या युक्तीवर ती खूश झाली. ती वाटी तिने भावोजींच्या हाती दिली नाही. एप्रनला हात पुसले आणि स्वतःच रस्ता ओलांडला.

भट्टीवाल्यांच्या दुकानात शिरलं की आधी ऊब लागायची, मग वास. पीठ, राख, भाजलेली साल. ते पिठाच्या गोळ्यांवर ओलं फडकं पसरत होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला.

"दुसऱ्यांदा वाटी?" ते म्हणाले.

"नवीन करून बघितलंय. आज मोठा दिवस ना. घ्या."

त्यांनी वाटी घेतली. वास घेतला, म्हणजे नाक वाटीजवळ नेलं. घोट घेतला, तो तोंडात घोळवला, जसा ते नेहमी घोळवत. वहिनी कमरेवर हात ठेवून वाट बघत होती. आणि तिला दिसलं, की ते रश्श्याकडे बघतच नाहीयेत. ते तिच्याकडे बघतायत. तिच्या भुवयांकडे, ओठांकडे, परीक्षेला बसलेलं पोर मास्तरांच्या तोंडावर उत्तर शोधतं तसे. काय म्हणावं ते त्यांना तिच्या चेहऱ्यावरून काढायचं होतं.

"छान," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून चाचरले. "म्हणजे, मीठ... थोडं जास्त?"

वहिनीची सकाळपासून रचलेली भाषणं, टोमणे, तो केसाने कापलेला गळा, सगळं एकदम कुठच्या कुठे गेलं. तिने वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी फडक्याचं एक टोक नीट केलं, मग दुसरं.

"अहो, कधीपासून चव नाही तुम्हाला?"

"थंडीतला तो ताप आला होता ना," ते म्हणाले. "ताप गेला, तो सोबत चवीलाही घेऊन गेला. वाटलं येईल परत. वास पण नाही, वहिनी. भट्टीत पाव करपला तर मला धूर दिसल्यावर कळतं. घरी सांगितलं नाही. बायको काळजी करते, ते एक, आणि दुसरं म्हणजे ती सगळ्यांना सांगते."

"आणि तुम्ही महिनोन् महिने माझ्या वाटीला खोटं बोलत होतात!"

"खोटं कुठे? आधी अंदाजाने सांगायचो. तुमचा हात मला पाठ आहे. पावसाळी हवा असली की तुमचं मीठ वाढतं, भावोजींशी भांडलात की तिखट वाढतं. तिकडे बघून सांगायचो, ते लागू पडायचं. आज काहीच सुचेना. म्हटलं, मोठा दिवस आहे, छान म्हणावं."

वहिनी हसली. हसू आवरेचना, आणि हसता हसता तिला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली की तिने समोरची फळी धरून ठेवली. मग तिला दलाल आठवला.

"आणि तो मऊ बुटवाला? परवा इथून निघाला तो?"

"आला होता. पुन्हा विचारून गेला. मी पाव दिला, जा म्हटलं."

"म्हणजे तुमचं काही ठरलेलं नाही! मग झालं तर. आत्ता ती बाई येईल, हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

भट्टीवाल्यांनी हातावरचं पीठ झाडलं. "नाही," ते म्हणाले. "तेच तुम्हाला सांगायचं होतं, जमत नव्हतं. ती बाई विचारणार, तुम्ही हा धंदा चालवणार का. काय सांगू? लोकांच्या तोंडात घालायची वस्तू करतो मी. काय घालतो तेच मला कळत नाही. सुताराचे डोळे गेले तर तो करवत खाली ठेवतो. दलालाला मी विकणार नाही, मेलो तरी नाही. पण हो कसं म्हणू?"

आता तिची खरी तारांबळ उडाली. दगाबाज माणसाशी कसं लढायचं ते तिला ठाऊक होतं. प्रामाणिक माणसापुढे काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तिने सगळं करून पाहिलं. म्हणाली, पीठ हाताने कळतं, जिभेने नाही. म्हणाली, स्वतःचा पाव तुम्ही इतकी वर्षं चाखत होतात कुठे, तो तर मीच चाखते. मी आहे, माझी जीभ शाबूत आहे, चांगली लांबही आहे, हवं तर भावोजींना विचारा. म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात तर चौघांवर गदा येईल, शेवयावाली या वयात कुठे जाईल? ते सगळ्याला हो हो करत होते आणि त्यांच्या डोळ्यांत ते नाही तसंच बसलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, आणि तुमचं काय? तुम्हाला आता कोण सांगणार?" भट्टीत काहीतरी तडतडलं. ती परत रस्ता ओलांडून आली.

"काय म्हणाले?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही भात बघा," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "भावोजी, माझा आवाज लय मोठा झालाय का हो इतक्या वर्षांत? सगळ्यांच्या वतीने मीच बोलते असं?" भावोजींनी पेपर खाली ठेवला. असला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "मोठा आहे," ते जपून म्हणाले, "पण आम्हाला सवय झालीय."

ऑफिसरबाई वेळेवर आली. गोल चेहऱ्याची, चालून चालून दमलेली बाई होती. चहावाल्यांच्या दारात तिने चहा घेतला आणि दोघा भावांनी एकदम, एकमेकांचं वाक्य तोडत, राहणार म्हणून सांगितलं. शेवयावालीने तर तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच सांगितलं, "मला इथून खांद्यावरूनच न्यावं लागेल, आणि मी वजनदार आहे." वहिनीने आपलं सांगितलं, मोजक्या शब्दांत, गल्लीला त्याचंच आश्चर्य वाटलं. मग सगळे रस्ता ओलांडून भट्टीवाल्यांच्या दाराशी गेले. पावाचा दुपारचा घाणा निघायची वेळ होती, तेव्हा दाराशी नेहमीची रांग लागलेली होती: कामावर निघालेले, कामावरून आलेले, एक बसड्रायव्हर, गवंडीकामावरची दोन माणसं, ऑफिसं झाडायला जाणारी सफाईवाली, कॉफीच्या दुकानातला तो दाढीवालाही. भट्टीवाले फळीमागे उभे होते. त्यांनी एप्रन बदलला होता.

"तर तुम्ही इथे धंदा चालू ठेवणार आहात ना?" ऑफिसरबाईने विचारलं.

त्यांनी एप्रनची गाठ चाचपली. शेवयावालीने चहावाल्याला कोपर मारलं. वहिनीच्या जिभेवर दहा वाक्यं आली. हे थकलेत, उद्या सांगतील. हे हो म्हणतायत, त्यांना भाषा नीट येत नाही. यांच्या वतीने मी सांगते. तिने ओठ दातांत धरले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळत होतं, की आपण बोललो तर हा माणूस आपल्या शब्दाखाली दबून जाईल, आणि मग गल्ली वाचली तरी तो वाचणार नाही. बोला हो, ती मनात म्हणत होती, नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण बोला.

"बाई," भट्टीवाले म्हणाले, "माझी चव गेलीय."

"काय गेलीय?"

"चव. जिभेची. वासही गेला. मला काही लागत नाही. गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवलं होतं ते. तुम्ही विचारता चालू ठेवणार का. ठेवायचंय. पण असा माणूस भट्टीवर चालतो का, ते मला माहीत नाही."

रांगेत कुणी हललं नाही. भट्टीवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपल्या दारात, आपल्याच गिऱ्हाइकांसमोर हे बोलणं म्हणजे स्वतःच्या हाताने दुकानाला कुलूप घालणं, हे वहिनीला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतंच. ऑफिसरबाईची पंचाईत झाली. असा प्रश्न तिच्या कामात बसत नव्हता. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने खाली पाहिलं.

तेवढ्यात रांगेच्या मधूनच सफाईवाली कावून म्हणाली, "अहो, तुमची गेली तर गेली, आमची आहे ना! बिघडलं तर आम्ही सांगू की. तुम्ही पाव काढा आधी, माझी शिफ्ट चुकतेय."

"खरंय," बसड्रायव्हर म्हणाला. "परवा मीठ जास्त होतं. मी बोललो नाही, म्हटलं म्हाताऱ्याला वाईट वाटेल."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी कमी," गवंड्यांपैकी एक म्हणाला.

"सालही जरा जाड होते हल्ली," दाढीवाला भीत भीत म्हणाला, आणि सगळे त्याच्याकडे वळले तसा आणखीच लाल झाला.

भट्टीवाले एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचा तो जुना, तिरसट आवाज निघाला, महिनाभर वहिनी ज्याला मुकली होती तो. "साल जाड?" ते ओरडले. "साल जाडच असते! तुमच्या त्या कॉफीत बुडवून खायचा पाव नाही हा!" आणि वळून, कुणाकडे न बघता, फळी भट्टीत घालत ऑफिसरबाईला म्हणाले, "राहतो. लिहून घ्या. पण बाजूला उभ्या राहा जरा, गरम आहे."

चहावाल्यांनी आरोळी ठोकली. शेवयावालीने बोलणं नसलेल्या थोरल्या चहावाल्याला कवटाळलं आणि लगेच सोडून दिलं. ऑफिसरबाई रांगेत उभी राहिली, कारण पावाचा वास आला होता. वहिनी मात्र सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून होती. वर्षभर तिला वाटत होतं की ही गल्ली आपण आपल्या खांद्यावर धरून ठेवलीय, आपण जरा वाकलो तर ती कोसळेल. आज ती काही न बोलता नुसती उभी होती आणि गल्ली जागच्या जागी होती. तिचे खांदे हलके झाले होते, तिला थोडंसं वाईटही वाटत होतं, आणि आनंद तर इतका झाला होता की भावोजी शोधत आले, काय झालं म्हणून विचारू लागले, तरी तिला धड सांगता येईना. ते म्हणाले, "वहिनी, दुकानात माणसं थांबलीयत," तेव्हा ती डोळे पुसून निघाली.